‘पारंपरिक’ म्हणजे कोण?

एका रविवारी सकाळी आमच्या सहावीच्या वर्गातील एक मुलगी वडिलांचा मोबाइल घेऊन आमच्यापैकी एकाच्या दारात उभी राहिली. पडद्यावर आमच्याच गीतसंग्रहाचे पान उघडलेले होते. पाचव्या गाण्याखालच्या एका शब्दावर तिने बोट ठेवले. उर्दू माध्यमातली मुलगी, तो मराठी शब्द तिने अडखळत, तोडून तोडून वाचला आणि विचारले, “सर, दादी पूछरी, ये ‘पारंपरिक’ कौन है?”

त्या प्रश्नाला आम्ही त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर आहे. आणि ते देताना काही गोष्टी समाजाला आणि काही गोष्टी स्वतःला सुनवाव्या लागणार आहेत. वाचकांनी राग मानू नये; मानलाच तर निदान पूर्ण वाचून मानावा.

या लेखातील ‘आम्ही’ म्हणजे पाच जण. मिरज परिसरातील उर्दू शाळांत शिकवणारे तिघे शिक्षक, एक तबलजी आणि हार्मोनियम दुरुस्त करून पोट भरणारा एक कारागीर. आमच्या आयाबहिणी लग्नात, हळदीत, बाळंतपणात आणि मोहरमात जी मराठी आणि मराठी-दखनी मिश्र गाणी म्हणतात, ती त्यांच्याबरोबर कबरस्तानात जाऊ नयेत म्हणून आम्ही आठ गाण्यांचा एक अल्बम केला. कोणतीही कंपनी पाठीशी नव्हती, देणगी नव्हती, सरकारी योजना नव्हती. चौदा महिने लागले. एक लाख बारा हजार रुपये खर्च झाला. हाती आली ती चौतीस मिनिटे.

या चौतीस मिनिटांवर समाजाची पहिली प्रतिक्रिया काय होती? “मोबाइलपर तो सब फुकट मिलता है सर, कायकू इतना पैसा घालवले?” दुसरी प्रतिक्रिया, “बटन दाबायचं आन् गायचं, त्याला चौदा म्हैने?” तिसरी प्रतिक्रिया अधिक गंभीर चेहऱ्याने आली, तिच्याकडे पुढे वळूच. आधी हे ‘बटन दाबण्याचे’ काम काय असते ते सांगणे आवश्यक आहे. कारण आमचा मूळ आरोपच असा आहे, की आपला समाज गाण्याला कौतुक समजतो, करमणूक समजतो, कधी गुनाह समजतो. परंतु श्रम समजत नाही. आणि जे श्रमच नाहीत त्याची मजुरी कोण देणार? त्यावर कष्टकऱ्याचे नाव तरी कोण लिहिणार?

चौदा महिन्यांचा हिशेब

पहिले पाच महिने गाणी गोळा करण्यात गेले. चाळीसहून अधिक गाणी वहीत उतरवली. एकच गाणे दोन मोहल्ल्यांत दोन तऱ्हेने म्हटले जाते. कुठे एक कडवे जास्त, कुठे नवरीच्या जागी बहिणीचे नाव. कोणता पाठ घ्यायचा, यावर रात्र रात्र वाद झाले.

मग भाषेची अडचण समोर आली, आणि ती आमचीच होती. आम्ही उर्दूत शिकलेले. वेगाने लिहायचे तर हात उर्दू लिपीकडेच वळतो. उर्दू लिपीत ‘ळ’ला अक्षर नाही, ‘ण’लाही नाही. वहीवरून तालीम सुरू झाली तेव्हा ‘बाळ’चे ‘बाल’ झाले, ‘डोळे’ डोलू लागले. ‘चार’मधला च वेगळा आणि ‘चूल’मधला वेगळा, हे आम्हाला बोलताना आपोआप येते, पण वाचून गाताना जीभ चुकते. ध्वनिमुद्रणात अशी चूक लपत नाही. मैफलीत निसटलेला शब्द हवेत विरतो. अल्बममध्ये तो कायम राहतो आणि मग लोक म्हणतात, बघा, उर्दूचे मास्तर मराठी गायला निघाले. म्हणून साऱ्या वह्या आम्ही पुन्हा देवनागरीत लिहून काढल्या. एका शब्दातल्या एका ‘ळ’साठी पूर्ण कडवे नऊ वेळा गायलेले आम्हाला आठवते. उलटपक्षी, स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रकाला आमचे ‘ग़म’ आणि ‘गम’ सारखेच ऐकू येत. तो आमच्याकडून नुक्ता शिकला, आम्ही त्याच्याकडून ‘ळ’ पक्का केला. भाषिक सलोख्यावर परिसंवाद खूप होतात; आम्हाला तो एका काचेच्या दोन बाजूंना बसून, तासाला सातशे रुपये मोजून शिकायला मिळाला.

बहुतेक सारे ध्वनिमुद्रण स्टुडिओत झाले, पण पाचव्या गाण्याची खाला स्टुडिओत यायला तयार नव्हत्या. वय सत्तरीच्या पुढे. “मी इथंच म्हणीन, माझ्या घरात.” म्हणून यंत्र त्यांच्या घरी नेले. पत्र्याच्या छपराचे घर, आवाज भिंतींवर आदळून परत येई. तो शोषून घ्यायला काही जाड हवे होते. खालांनी स्वतः शिवलेल्या सात वाकळा काढून दिल्या. त्या दोरीवर टांगून आम्ही घरातच एक खोपट उभे केले. मे महिना, पंखा बंद, दार बंद. मिरज जंक्शन जवळ, म्हणून दोन गाड्यांच्या मधल्या शांततेत गायचे. इशाच्या नमाजानंतर बसायचे ते मध्यरात्रीपर्यंत. शिट्टी आली की थांबा, कुत्रे भुंकले की थांबा.

स्टुडिओतली रीत अशी असते, की आधी ठोक्याचा आवाज कानात लावून त्या लयीत गायचे, म्हणजे पुढे तबला, ढोलकी, बासरी नेमकी बसते. खालांच्या कानात तो ठोका घातला आणि त्या गप्पच झाल्या. त्यांचे गाणे श्वासावर चालते. आठवण दाटली की ओळ लांबते, पोरीच्या पाठवणीचा शब्द आला की थबकते. शेवटी ठोका काढून टाकला. त्या गायल्या आणि त्यांच्या लयीला ऐकत, मागे मागे जात आमच्या तबलजींनी नंतर वाजवले. अकरा प्रयत्न. पन्नास वर्षे हात तयार असलेला माणूस एका म्हाताऱ्या बाईच्या श्वासाचा शागीर्द झाला.

सुराचेही तसेच. खालांचा षड्ज हार्मोनियमच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध पडतो. यंत्राने त्यांचा आवाज ओढून पट्टीवर आणता आला असता, दोन मिनिटांचे काम. आम्ही आवाजाला हात लावला नाही. त्यांच्या सुराला तंबोरा लावून घेतला. आमच्या गावात तंबोऱ्यांना तोटा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यातील फरीदसाहेबांनी येथे तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली आणि आजही ही कला त्यांच्या वंशजांच्या हातात आहे. मंगळवेढा-पंढरपूरकडचा भोपळा वाळवायचा, त्याला लाकडी दांडी जोडायची आणि अखेरीस घोडीवर कानस फिरवत जवारी काढायची. ही जवारी एका दिवसात शिकता येत नाही. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा साऱ्या गावाने अभिमान मिरवला, आम्हीही मिरवला. मग वाद्य घडवणाऱ्याचे कष्ट ज्या समाजाला कळतात, त्याला गाणे घडवणाऱ्याचे कष्ट का कळू नयेत?

ध्वनिमुद्रण झाले म्हणजे काम संपले, असे नव्हे. यंत्र आवाजाचे सेकंदाला हजारो तुकडे करून साठवते. साध्या सीडीवरच दर सेकंदाला 44,100 नोंदी असतात. आमचे मूळ ध्वनिमुद्रण त्याहून बारीक होते. त्यातून खोकला, खुर्चीची करकर, कागदाची सळसळ वेगळी काढायची. मात्र श्वास काढायचा नाही, नाहीतर माणूस मेल्यासारखा वाटतो. मग आवाज आणि वाद्ये यांचे प्रमाण बसवायचे. आमच्या ध्वनिमुद्रकाने आणि आम्ही तेच गाणे स्टुडिओच्या मोठ्या स्पीकरवर, साध्या मोबाइलवर, रिक्षातल्या टेपवर आणि एका लग्नाच्या मांडवातल्या भोंग्यावर ऐकले. चार ठिकाणी चार दोष सापडले. त्यानंतर अखेरचा हात, ज्याला मास्टरिंग म्हणतात. तिथे मोह असा होतो, की आपले गाणे सर्वांत मोठ्या आवाजात वाजावे. पण फार मोठे केले, तर गाणी ऐकवणाऱ्या सेवा ते आपोआप खाली आणतात आणि हाती फक्त चेपलेला आवाज राहतो. सबुरी हीच तिथली कारागिरी.

तिसरी प्रतिक्रिया

आता त्या गंभीर चेहऱ्याकडे वळू. “मास्तर, तुम्ही दीनी घरातले. हे गाणेबजावणे जायज आहे का?”

आम्ही मुफ्ती नाही, मास्तर आहोत. संगीताविषयी उलेमांमध्ये मतभेद आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे आणि ज्यांना त्यापासून दूर राहायचे आहे त्यांच्याविषयी आदर आहे. परंतु याच मिरजेत ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची मजार आहे. 1937 साली ते गेले. आजही उरुसात कलावंत तिथे येऊन गातात. आमचे वडील-आजोबा त्या आवारात बसून ऐकत आले. तेव्हा हा वाद आम्ही उकरून काढलेला नाही आणि आमच्याने तो मिटणारही नाही.

आमचे म्हणणे त्याहून साधे आहे. जे म्हणतात ‘नाजायज’, त्यांच्याही घरच्या शादीत नात म्हणणारा मुलगा बोलावला जातो, कव्वाल बोलावले जातात, आणि कार्यक्रम संपल्यावर त्यांच्या हातात काय पडते? बिर्याणीचे ताट आणि ‘माशाअल्लाह’. मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. ती गवंड्याला लागू, हमालाला लागू, आणि ज्याने तुमच्यासाठी तीन तास गळा आटवला त्याला तेवढी लागू नाही? गाणे नको असेल तर बोलावू नका. बोलावले असेल तर मोबदला द्या. बोलावून, ऐकून, वर फतव्याची भाषा काढून पैसे वाचवणे ही परहेजगारी नव्हे. ती कंजुषी आहे.

रफीसाहेबांचे मन आणि आपली सबब

या विषयावर बोलले की कोणीतरी हमखास मोहम्मद रफींचे नाव काढतो. 1960च्या दशकात गायकांना रॉयल्टी मिळावी असा आग्रह लता मंगेशकरांनी धरला. रफीसाहेबांचे मत असे, की ठरलेले मानधन मिळाले की गायकाचा हक्क संपला. दोघांत अबोला झाला, काही वर्षे त्यांनी एकत्र गायलेही नाही. आपल्या समाजात ही गोष्ट रफीसाहेबांच्या मोठ्या मनाचा दाखला म्हणून सांगितली जाते.

रफीसाहेबांवर आमचे प्रेम कोणाहून कमी नाही. त्यांचे मन मोठे होते, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पण त्या वादात, आमच्या मते, लताबाई बरोबर होत्या. मोठे मन हा देणाऱ्याचा गुण असतो, घेणाऱ्याने त्याची सबब करायची नसते. पुढे 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा सुरक्षित झाला, गायक-वादकांच्या हक्कांनाही आधार मिळाला. जावेद अख्तर यांनी ही बाजू राज्यसभेत लावून धरली होती. ज्या हक्काची मागणी काही दशकांपूर्वी लोभ वाटली, ती आज देशाचा कायदा आहे.

दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या वाद्यवृंदाने 2010 मध्ये ‘16/330 खजूर रोड’ हा आपला अल्बम महिन्याला एक गाणे याप्रमाणे लोकांना मोफत दिला. तो त्यांचा निर्णय होता, स्वतःच्या मालावरचा. फुकट देणे आणि फुकट घेतले जाणे यांत दानशूर आणि लुटलेला यांच्यातले अंतर आहे. आमच्या अल्बमला पहिल्या वर्षी ऐकवणाऱ्या सेवांकडून एकंदर चारशे बारा रुपये मिळाले. मोहल्ल्यात मात्र तो प्रत्येक हळदीत वाजतो. वाजतो याचा आनंदच आहे. पण त्या हळदीत मांडववाल्याला, केटररला, फोटोवाल्याला, घोडीवाल्याला पैसे दिले जातात आणि गाणे मात्र आकाशातून पडलेले असते.

हल्ली आणखी एक युक्तिवाद ऐकू येतो. आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने मोबाइलवर चार ओळी लिहिल्या आणि यंत्राने मिनिटभरात चाल, वाद्ये, आवाज यांसह गाणे तयार करून दिले. “सर, आता तुमच्या चौदा महिन्यांचं काय?” त्याला आम्ही एवढेच विचारले, की हे यंत्र कोणाची गाणी ऐकून शिकले? त्याने खांदे उडवले. त्या यंत्राच्या पोटातही असंख्य निनावी खाला आहेत, आणि त्यांना कोणी विचारलेले नाही.

आता आमचा गुन्हा

येथवर आम्ही समाजाला बोललो. हे बोलणे अप्रामाणिक ठरेल, जर पहिल्या प्रसंगातील त्या मुलीचा प्रश्न आम्ही इथे टाळला तर.

ध्वनिमुद्रण पूर्ण झाले, मिश्रण पूर्ण झाले आणि खालांच्या मुलाला कळले. तो आमच्याच वयाचा, सज्जन, कष्टाळू माणूस. तो भांडला नाही. हात जोडून म्हणाला, “सर, अम्मीचा आवाज बाजारात नको. बिरादरीत तोंड दाखवायचं हाय मला.” आम्ही दोनदा समजावले आणि मग मानलो. खालांचा आवाज काढला, त्यांच्या जागी आमच्यापैकी एक जण गायला. मुलीची पाठवणी करणाऱ्या आईचे गाणे एका पुरुष मास्तराच्या गळ्यातून गेले. अकरा प्रयत्नांतून निघालेले ते ध्वनिमुद्रण आज दोन हार्ड डिस्कवर कुलूपबंद आहे.

एवढ्यावर थांबलो असतो तर आम्ही स्वतःला लाचार म्हटले असते. पण त्यापुढे आम्ही केले ती लाचारी नव्हती, निष्काळजीपणा होता. अल्बम चढवताना प्रत्येक गाण्याला बारा अक्षर-अंकांचा एक आंतरराष्ट्रीय क्रमांक मिळतो आणि एक तक्ता भरावा लागतो: गायक, वादक, गीतकार, संगीतकार. पाचव्या गाण्याच्या गीतकाराच्या आणि संगीतकाराच्या रकान्यात आम्ही ‘पारंपरिक’ असे लिहिले आणि पुढे गेलो. बायकांची गाणी ना? मग पारंपरिकच असणार. चौदा महिन्यांत खालांना आम्ही लय विचारली, पट्टी विचारली, कडव्यांचा क्रम विचारला. हे गाणे कोणी रचले, एवढे विचारले नाही.

नातीच्या हातून तो प्रश्न आला, तेव्हा आम्ही त्यांच्या घरी गेलो. खालांनी सांगितले ते असे: थोरलीचे लग्न ठरले, हुंड्यात द्यायला काही नव्हते. रात्री वाकळा शिवता शिवता त्यांनी ते गाणे जोडले. एक टाका, एक ओळ. ज्या वाकळा आम्ही आवाज शोषायला टांगल्या होत्या, तशाच. शब्द त्यांचे, चालही त्यांचीच. “मोहल्ल्यातल्या पोरी शिकल्या, मग समद्यांचं झालं. झालं तर झालं. पण सर, केलं मी.”

केलं मी. कायद्याच्या साऱ्या कलमांचा गाभा या दोन शब्दांत आहे. 1957चा कॉपीराइट कायदा सांगतो, की हक्क मिळायला नोंदणीची गरज नाही. रचना केली की ती रचणाऱ्याची झाली, त्याच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे. हक्क विकला तरी ‘ही रचना माझी’ असे म्हणण्याचा अधिकार शिल्लक राहतो. बी. एड. झालेल्या आम्हा तिघांना हे कलम माहीत होते. खालांना ते माहीत नव्हते, तरी त्यांनी ते उच्चारले.

आणि परंपरेचे नाव आम्ही कोणत्या तोंडाने घेतले? आपली परंपरा तर नावाबाबत फार जागरूक आहे. गझलेच्या मक्त्यात शायर आपला तखल्लुस गुंफतो. शेख महंमदांच्या अभंगांत त्यांच्या नावाची मुद्रा येते. शाहीर सगनभाऊ लावणीच्या शेवटी आपली सही ठेवून जातात, आणि त्या सहीमुळेच शिकलगारांच्या घरातला हा शाहीर मराठीला आजवर ठाऊक राहिला. पुरुषांच्या परंपरेला मक्ता आहे. आमच्या घरातल्या बायकांच्या गाण्याला मक्ता नाही, कारण त्यांचे नाव घराबाहेर जाणेच आम्हाला मंजूर नव्हते. आणि मग नाव नाही म्हणून ते ‘पारंपरिक’! आधी नाव झाकायचे, नंतर ‘नावच सापडत नाही’ म्हणून खंत करायची, हा आपला जुना शिरस्ता.

1902 साली कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे तबकडीवर उतरले. तबकड्या दूर जर्मनीत तयार होत, तिथल्या कारागिरांना गायिका ओळखता यावी म्हणून गाण्याच्या शेवटी त्या स्वतःचे नाव मोठ्याने, इंग्रजीत सांगत. तीन मिनिटांच्या तबकडीत दोन क्षण नावासाठी राखलेले. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या यंत्रावर एका मुसलमान बाईने आपले नाव आपल्या तोंडाने कोरले. आणि आम्ही, हातात अमर्याद जागा असलेले आजचे शिकलेले लोक, एका बाईसाठी एक रकाना भरू शकलो नाही.

मग करायचे काय?

खालांच्या मुलाशी आम्ही पुन्हा बोललो. एकदा नाही, अनेकदा. त्याने अर्धी वाट सोडली. ‘पारंपरिक’ हा शब्द आता त्या गाण्याखाली नाही; तिथे ‘शब्द आणि चाल : एक आई, मिरज’ असे लिहिले आहे. त्या गाण्याचे जे काही रुपये येतात, येतील, ते खालांच्या हातात द्यायचे ठरले आहे. चारशे बारातले त्यांच्या वाट्याचे एक्कावन्न रुपये दिले तेव्हा त्यांनी ते नातीच्या हातावर ठेवले. नाव मात्र अजून नाही. या लेखातही ते आम्ही लिहू शकलेलो नाही, याची आम्हाला लाज वाटते आणि ती वाटत राहावी.

1990 साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा आपल्या लिहित्या पिढीची मागणी काय होती? मराठी साहित्यात आमचेही नाव घ्या, हीच ना? ती मागणी रास्त होती. मग बाहेर नावासाठी झगडणाऱ्या समाजाने घरात नाव पुसावे, हे कोणत्या न्यायात बसते?

म्हणून आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. शादीत गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा मोबदला आधी ठरवा आणि जेवणाआधी द्या. शाळेच्या स्नेहसंमेलनात गीत सादर होईल तेव्हा शब्द कोणाचे, चाल कोणाची, हे सूत्रसंचालकाने सांगितलेच पाहिजे. आम्ही आमच्या शाळांत या वर्षीपासून सुरू केले आहे. तरुणांनी हौसेने अल्बम करावेत, जरूर करावेत, पण वादकांची आणि ध्वनिमुद्रकाची नावे मुखपृष्ठावर गायकाच्या शेजारी घालावीत. संमेलनांनी कवितेच्या सत्राबरोबर एक सत्र या गाण्यांसाठी ठेवावे आणि त्यात भाषण करायला प्राध्यापकांऐवजी गाणाऱ्या बायकांना बोलवावे. आणि ज्यांच्या घरात अजून एखादी आजी, फुफी, खाला गाणे म्हणते, त्यांनी मोबाइल चालू करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: “हे कोणी केलं?”

कदाचित उत्तर येईल, माझ्या सासूने. कदाचित येईल, माहीत नाही, आधीपासूनच आहे. तेव्हा ‘पारंपरिक’ लिहायला हरकत नाही. तो शब्द विचारून लिहिलेला असेल. पण कदाचित ती बाई क्षणभर तुमच्याकडे बघेल आणि पदर सावरत म्हणेल, केलं मी. त्या वेळी तुमच्यापाशी पेन आणि कागद असू द्या. आमच्यापाशी चौदा महिने दोन्ही होते.